पर्जन्यमापकाची नोंद: पायथन रात्री जातो कुठं?

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीकडच्या पावसात मापकापेक्षा लॅपटॉपचीच काळजी जास्त. मापकातली बादली कलंडली की आर्डुइनो (छोटा सर्किट बोर्ड) यूएसबीवरून लॅपटॉपला कळवतो, पायथनमधला प्रोग्राम वेळ टिपतो. मापक आता बिनबोभाट चालतोय. या खेपेला सगळा वेळ गेला तो प्रोग्रामच्या मागं: सकाळी बघावं तर नोंदी मध्यरात्रीच थांबलेल्या, एरर म्हणाल तर एकही नाही.

पहिलं काम, प्रोसेस जिवंत आहे का बघणं. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये ‘कमांड लाइन’ हा कॉलम लावून घ्या, नाहीतर कुठला पायथन आपला हे कळायचं नाही. व्हेन्व (एका कामापुरता वेगळा ठेवलेला पायथन) वापरत असाल तर एकाच प्रोग्रामचे दोन पायथन दिसतील. घाबरायचं कारण नाही. विंडोजवर ३.७.२ पासून व्हेन्वमधला पायथन नुसता दारवान आहे. तो मूळ पायथनला उठवतो आणि स्वतः बसून राहतो. मेमरी बघायची ती दुसऱ्याची.

माझ्याकडं दोन्ही गायब होते. प्रोग्राम मी विंडोजच्या टास्क शेड्युलरवरून (कामं आपोआप सुरू करणारी सोय) चालवतो. त्याची हिस्टरी चालू करून ठेवली तेव्हा छडा लागला. लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो, आणि ‘कंडिशन्स’मध्ये बॅटरीवर गेल्यास टास्क थांबवायची खूण आधीपासूनच असते. खानापूर तालुक्यात पावसाळ्यात लाईट जाणं काही नवं नाही! ती खूण काढली, ‘एसी पॉवर असेल तरच सुरू करा’ हीसुद्धा काढली. ‘सेटिंग्ज’मधली, तीन दिवसांनी टास्क थांबवणारी मर्यादाही बघून घ्या.

एरर न दिसण्याचं कारण साधं आहे. जबरदस्तीनं संपवलेल्या प्रोसेसला ट्रेसबॅक (चूक कुठं झाली त्याचा माग) छापायची उसंत मिळत नाही, ‘फायनली’मधली शेवटची आवराआवर चालत नाही, बफरमधल्या, म्हणजे अजून फाईलमध्ये न उतरलेल्या, ओळी जातात. प्रोसेस संपवणाऱ्या टास्ककिल कमांडला ‘/एफ’ लावलं तरी तेच. म्हणून आता दर नोंदीनंतर फ्लश करतो, म्हणजे ओळ लगेच फाईलकडं ढकलतो. मला स्वतःला थांबवायचं असेल तर फोल्डरमध्ये ‘थांब’ नावाची रिकामी फाईल टाकतो. प्रोग्राम दर फेरीला ती शोधतो आणि सापडली की नीट आवरून बाहेर पडतो.

आणखी एक खास आमच्या भागातली भानगड. कणकुंबी, जांबोटी ही नावं मी मराठीत आणि कन्नडमध्येही छापतो, कारण बघणारे दोन्हीकडचे. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत सगळं ठीक, आउटपुट फाईलकडं वळवलं की ‘युनिकोड एन्कोड एरर’. पायथन ३.६ पासून खिडकीला यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सामावणारी पद्धत) मिळतं. फाईलकडं वळवलेलं आउटपुट मात्र विंडोजच्या कोडपेजनं (अक्षरांच्या ठरावीक तक्त्यानं) जातं. माझ्या लॅपटॉपवर ते १२५२, त्यात ना देवनागरी ना कन्नड. ‘पायथनयूटीएफ८’ (PYTHONUTF8) हा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल १ केला की मिटलं.

विंडोज १० वाल्यांनी त्या खिडकीत उगाच क्लिक करू नये. क्विक एडिट (माऊसनं मजकूर निवडायची सोय) चालू असलं तर पुढच्या प्रिंटला प्रोग्राम अडकतो. एंटर मारला की सुटतो.

आता पुढचं काम कॉम पोर्टचं, म्हणजे आर्डुइनो ज्यावरून कळवतो त्या जोडणीचं. जुनी प्रोसेस मागं राहिली असेल तर पोर्ट तिच्याच ताब्यात असतो आणि नवीला ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’ मिळतं. प्रोग्रामनं सुरुवातीलाच पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) फाईलमध्ये लिहून ठेवायचा आणि पुन्हा सुरू झाल्यावर आधी तो तपासायचा, असं योजलंय.