आरएक्स १००: रेस अखेर खाली आली, आणि डिस्कचा बेत बदलला

सापडलं! माझ्या यामाहा आरएक्स १०० ची रेस, म्हणजे इंजिनाचा वेग, खाली न बसण्याचं जे कारण पाच महिने शोधत होतो ते अखेर सापडलं, आणि ते पेट्रोल-हवेचं मिश्रण करणाऱ्या कार्बोरेटरमध्ये नव्हतंच.

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा रिबोर (सिलिंडर घासून मोठा करणं) होऊन ०.५० मिमी ओव्हरसाइज पिस्टन बसला होता आणि रनिंग, म्हणजे नव्या पिस्टनवर जपून चालवायचा काळ, संपत आलं होतं. तेव्हाच सांगितलं होतं की थंड असताना गाडी एकदम गुणी, पण पंधरा-वीस मिनिटं चालवली की सिग्नलला थ्रॉटल पूर्ण सोडूनही रेस वरच अडकते. सहा-सात सेकंद तशीच, मग हळूहळू उतरते. तुमच्यापैकी बहुतेकांनी पायलट जेट, म्हणजे कार्बमधली कमी रेसला पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, बदलायला सांगितला. मी तो १७.५ चा २० केला. थंडीत सुरू व्हायला सोपी झाली, बाकी ढिम्म फरक नाही. एअर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून पाहिला, मॅनिफोल्डचं (कार्ब आणि इंजिन जोडणाऱ्या नळीचं) पॅकिंग नवीन घातलं, थ्रॉटल केबलची ढील तपासली, रीडच्या, म्हणजे मिश्रण आत घेणाऱ्या झडपेच्या, पाकळ्या उजेडासमोर धरून फट शोधली. कार्ब तर चार वेळा खोलून धुतला. चालू इंजिनवर मॅनिफोल्डभोवती कार्ब क्लीनर मारला, तरी आवाजात काडीचा बदल नाही. प्लग मात्र दर वेळी पांढराफटक.

खूण खरं तर पीयूसीच्या कागदावर होती. आपल्या वयाच्या गाड्यांना, म्हणजे मार्च २००० पर्यंतच्या दुचाकींना, धुरातल्या सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) मर्यादा ४.५ टक्के आहे. माझा आकडा नेहमी अडीच-तीनच्या आसपास येतो. या वेळी आला ०.६. मी खुश झालो, गाडी स्वच्छ जळतेय म्हणून कागद जपून ठेवला. दोन आठवड्यांनी तोच कागद हातात आला आणि लख्ख प्रकाश पडला: टू-स्ट्रोक एवढी स्वच्छ जळत नाही. सीओ इतका खाली म्हणजे मिश्रण पातळ, पेट्रोल कमी आणि हवा जास्त; प्लगही त्यामुळेच पांढरा. आणि जेट मोठा करूनही पातळ, म्हणजे कुठूनतरी फुकटची हवा आत शिरतेय.

मग लीक टेस्ट. ज्यांनी केली नसेल त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण महागडं काही लागत नाही. जुन्या प्लगमधली चिनी माती फोडून काढली आणि त्यात पितळी नळी डाखली. तिला बीपी मोजायच्या यंत्राचा फुगा आणि गोल काटा जोडला. त्या काट्यावर पाऱ्याचे ३०० मिलिमीटर म्हणजे जवळपास ६ पीएसआय, आपल्या इंजिनला नेमका हवा तेवढाच दाब. मॅनिफोल्डच्या तोंडाला रबरी बूच, सायलेन्सरच्या तोंडाला जुन्या ट्यूबचा तुकडा आणि वरून पट्टी. पिस्टन बीडीसीला, म्हणजे अगदी तळाला, ठेवायचा, म्हणजे पोर्ट उघडे राहतात आणि प्लगच्या भोकातूनच क्रँककेस (पिस्टनखालची पेटी) सुद्धा भरते. फुगा दाबला, काटा ३०० वर नेला, घड्याळ लावलं. एका मिनिटानंतर २८५. मिनिटाला ५० पर्यंत उतरला तरी चालतं असं आपण मानतो. तरीही हेड, बेस पॅकिंग, मॅग्नेट (शाफ्टच्या टोकाचं वीज तयार करणारं चाक) काढून त्यामागचं शाफ्टभोवतीचं रबरी सील, सगळीकडे साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही. क्लच बाजूच्या सीलसाठी गिअर ऑइलच्या भोकावर हातमोज्याचं बोट ताणून बसवलं. सील गळत असेल तर ते फुगतं. तेही लोळत पडलेलं.

म्हणजे इंजिन हवाबंद, आणि तरी हवा पितंय. त्या रात्री मी खरोखर हताश झालो होतो. केसिंग फोडायची तयारी म्हणून नट-बोल्टचे डबेसुद्धा काढून ठेवले.

सकाळी डोक्यात आलं की मी निम्मीच टेस्ट केली आहे. क्रँककेसमध्ये फक्त दाब नसतो. पिस्टन वर जाताना आत पोकळी तयार होते, तिच्या ओढीनेच रीडमधून मिश्रण येतं. सीलचं ओठ असं बनवलेलं असतं की आतून दाब आला की ते शाफ्टला आणखी घट्ट बसतं. ओढ लागली की ते सुटू पाहतं. तेव्हा ओठ धरून ठेवणारी एकच गोष्ट उरते, ती मागची बारीक गोल स्प्रिंग. मित्राकडून ब्रेक ब्लीड करायचा व्हॅक्यूम हातपंप आणला. तोच अ‍ॅडॉप्टर, तीच बुचं, काटा उलट्या बाजूला, पाऱ्याच्या १२ इंचांवर. हात काढला आणि चार सेकंदांत शून्य.

पोकळीत बुडबुडे दिसत नाहीत, म्हणून मॅग्नेट बाजूच्या सीलभोवती बोटाने ग्रीसचा जाड थर दिला आणि पुन्हा पंप मारला. शाफ्टच्या खालच्या अंगाला, घड्याळात सात वाजतात तिथे, त्या गुळगुळीत थरात एक खळी पडली. डोळ्यांदेखत खोल गेली आणि ग्रीस आत खेचलं गेलं. मी पंप खाली ठेवून नुसता बघत बसलो.

सील बाहेरूनच निघालं, केसिंग फोडावी लागली नाही. स्प्रिंग एका बाजूला खाचेतून उतरलेली, आणि तिथेच ओठावर नखाएवढी चीर. हाफ इंजिनच्या (इंजिनाच्या अर्धवट दुरुस्तीच्या) वेळी मीच ते बसवलं होतं, मून कीच्या, म्हणजे मॅग्नेट शाफ्टवर फिरू न देणाऱ्या अर्धचंद्राकृती तुकड्याच्या, खाचेवर टेप न लावता. त्या खाचेची धार ओठावरून गेली. टेपचे दोन वेढे आणि थोडं ऑइल, एवढंच लागतं. मॅग्नेट काढायला पुलर लावायचा हे आपण एकमेकांना दहादा सांगतो, खाचेवर टेप लावायचं कोणी फारसं सांगत नाही.

नवीन सील मुद्दाम व्हायटॉनचं, तपकिरी घेतलं. आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलला नेहमीच्या काळ्या नायट्राइल रबरापेक्षा ते जास्त टिकतं, आणि एवढ्या कष्टाच्या जागी पैसे वाचवण्यात अर्थ नाही. नाव-नंबर नसलेल्या सुट्या पाकिटातली सीलं तर घेऊच नका.

व्हॅक्यूम आता धरतोय. पायलट जेट परत १७.५ वर आणला. काल रात्री अर्धा तास तापवून घराखाली आणली, थ्रॉटल सोडला आणि रेस झटकन खाली बसली. तो मोकळा, टणटणीत ठेका पाच महिन्यांनी ऐकला. सीओ आज २.६.

आता नव्या आरएक्सबद्दल. २०२२ मध्ये यामाहाच्या इथल्या वरिष्ठांनी हे नाव परत आणायचा विचार बोलून दाखवला, तेव्हापासून आपल्यात सगळी चर्चा आवाजाची आणि सीसीची चालू आहे. टू-स्ट्रोक येणार नाही हे मी मनाने कधीच स्वीकारलंय. एक्झॉस्ट पोर्ट उघडा असतानाच ताजं मिश्रण आत येतं, त्यातलं काही न जळताच बाहेर जातं, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ प्रदूषण नियमांत ते बसवणं अवघड आहे. फोर-स्ट्रोक येऊ दे. माझी मागणी वजनाची आहे. आपली गाडी ९८ सीसी, ७५०० आरपीएमला ११ बीएचपी आणि १०३ किलो. नवी १४० किलोची आली तर याच हिशोबाने नुसती बरोबरी करायला तिला १५ बीएचपी लागतील. तेवढी ताकद आज सहज मिळते, पण वळणावर मांडीने ढकलली की वळणारी गाडी नुसत्या ताकदीने मिळत नाही.

इथवर लिहून थांबलो. १०३ हा कागदावरचा आकडा. माझी गाडी खरी किती भरते हे मी कधी पाहिलंच नाही. घरातला वजनकाटा घेऊन खाली गेलो, आत्ता परत आलोय. एका चाकाखाली काटा, दुसऱ्याखाली तेवढ्याच उंचीची फळी, मग अदलाबदल. पुढे ४७, मागे ६०, एकूण १०७, टाकी अर्धी. क्रॅश गार्ड आणि साडी गार्ड काढून वेगळे ठेवले, ते साडेतीन किलो भरले. म्हणजे १०३.५!

हात लागलेलाच होता म्हणून पुढच्या डिस्क ब्रेकसाठी जमवलेला फोर्क-चाक-कॅलिपरचा सेटही काट्यावर ठेवला. माझ्याकडच्या ड्रमच्या जोडसेटपेक्षा पावणेचार किलो जास्त. तो बेत इथेच रद्द. त्याऐवजी ड्रम लेथवर टर्न करून घेतो आणि ब्रेक शूला नवीन लायनिंग चिकटवून घेतो. नव्या गाडीला डिस्क जरूर असावी, ती तिच्या फ्रेमसोबत आखलेली असेल.

पुढच्या रविवारी सीटची उंची आणि हँडल-सीट-फुटरेस्टचा त्रिकोण टेपने मोजून लिहून ठेवणार आहे, म्हणजे नवी आली की आठवणीवरून भांडायला नको. तुम्हीही मोजा. विशेषतः ज्यांच्याकडे १९८५-८६ मधली गाडी आहे त्यांनी गार्ड काढून पुढचं आणि मागचं वजन वेगवेगळं कळवा, आणि टाकीत पेट्रोल किती होतं तेही लिहा.