भूल कमरेखाली, कान जागे

मिरजेची ख्याती दोन गोष्टींसाठी, दवाखाने आणि तंबोरे. वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये इथं इस्पितळ काढलं, तेव्हापासून कोकणातून, कर्नाटकातून पेशंट मिरजेला येतात. आणि त्याच्याही आधीपासून सतारमेकर गल्लीत भोपळ्यांना लाकडी दांडी बसवली जाते. दोन्ही धंदे हाकेच्या अंतरावर, पण एकमेकांशी फारसा संबंध येत नाही. मी पहिल्या धंद्यातली. भूल देते. कुठल्या एका हॉस्पिटलची नाही, बोलावणं येईल तिथं जाते. त्यामुळे गावातल्या बऱ्याच ऑपरेशन थिएटरांत कोण काय ऐकतं, हे मला पाठ आहे.

थिएटरात गाणं लावायची पद्धत जुनीच. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात डॉ. इव्हान केन यांनी १९१४ मध्येच लिहून ठेवलंय की ते ऑपरेशनच्या खोलीत फोनोग्राफ लावतात. त्यांचा विचार पेशंटचा होता, घाबरलेल्या माणसाचं मन दुसरीकडे वळावं म्हणून. आमच्याकडे मात्र स्पीकर सर्जनचा. पोटाच्या ऑपरेशनांचे एक सर्जन आहेत, त्यांच्याकडे सकाळी अभंग आणि जेवणानंतर लावण्या. एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे फक्त किशोर कुमार, आणि सिझेरियनमध्ये बाळ बाहेर यायच्या सुमारास गाणं बंद, कारण पहिलं रडणं ऐकायचं असतं. भूल देणाऱ्याला कोणी विचारत नाही. माझं ऐकलं तर तलत मेहमूद. तो आवाज इतका हलका असतो की मॉनिटरच्या टिकटिकीवर चढत नाही, हे माझं अधिकृत कारण.

आता ज्यांच्याकडची ही गोष्ट, ते हाडांचे सर्जन. चाळिशीतले, हात सोन्याचा, पेशंटशी वागणं अतिशय प्रेमाचं, आणि ऐकणार फक्त हिमेश रेशमिया. २००५ च्या सुमाराला ते हॉस्टेलवर होते. तेव्हा रिक्षात, चहाच्या टपरीवर, गणपतीच्या मांडवात तोच आवाज असायचा. पुढच्याच वर्षी फिल्मफेअरचं गायनाचं बक्षीसही त्यालाच मिळालं. तेव्हाही निम्मा देश त्याच्या नाकात गाण्यावर चिडलेला होता, मी त्या निम्म्यात. सर्जनसाहेबांना मात्र त्याशिवाय करवत धरवत नाही. तलतबद्दल त्यांचं मत असं की हा माणूस थंडी वाजत असताना रेकॉर्डिंगला गेला. मी त्यांना सांगून पाहिलं, की त्या कंपामुळे तलत स्वतःच संकोचायचा, संगीतकार अनिल विश्वासांनी त्याला तो राखायला लावला, म्हणून तर तलत झाला. ते म्हणाले, "मग विश्वासांनी शाल द्यायची होती, मॅडम."

तर त्या दिवशी यादीत पहिलाच पेशंट होता गुडघा बदलायचा. सत्तरीचे गृहस्थ, सतारमेकर गल्लीतले कारागीर. नाव सांगत नाही, सगळे चाचा म्हणायचे, आपणही म्हणू. जन्मभर जमिनीवर मांडी घालून, पायांच्या मध्ये भोपळा धरून बसायचं काम, त्यामुळे दोन्ही गुडघ्यांची चाळण. आदल्या दिवशी तपासायला गेले तेव्हा चाची म्हणाल्या, "घोरतात, आणि मधेच श्वासच थांबतोय बघा. मी हलवून उठवते." झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाला गुंगीचं औषध द्यायला मी धजत नाही. ठरलं असं की फक्त स्पायनल, कमरेखालचं बधिर आणि चाचा पूर्ण जागे.

"हेडफोन देऊ का?" असं विचारलं तर म्हणाले, "कान झाकू नका बाई. काय चाललंय ते कळायला पाहिजे की."

टेबलावर बसवून उशी पोटाशी धरायला दिली, पाठ वाकवून घेतली. सुईच्या टोकाला स्वच्छ पाण्याचे थेंब आले, तीन मिली औषध गेलं, आडवं केलं. पाय आधी गरम, मग जड. स्पिरिटचा बोळा फिरवून गार लागतंय का ते पाहिलं. पडदा बांधला, मांडीला टुर्निके, म्हणजे रक्त अडवणारा पट्टा, आवळलं. आणि स्पीकर सुरू झाला.

चाचांनी डोळे मिटले होते ते उघडले. छताकडे बघत बराच वेळ ऐकलं.

"कोण म्हणायचं हे?"

मी नाव सांगितलं.

"जवारी फार खुली आहे."

मी हसले, पण पडद्यापलीकडून सर्जनचा आवाज आला, "म्हणजे काय चाचा?" तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी मिरजेत जन्म काढूनही कोणाकडून नीट ऐकलं नव्हतं. तंबोऱ्याची तार ज्या घोडीवरून जाते, तिचा माथा सपाट नसतो, किंचित उतरता घासलेला असतो. तार त्या उतारावर चाटत जाते, म्हणून तो गुंजारव. वर दोऱ्याचा एक धागा तारेखाली सरकवायचा, नेमकी जागा सापडली की आवाज फुलतो. ती घासणी म्हणजे जवारी. खुली ठेवली तर आवाज उघडा, झणझणीत. बंद ठेवली तर गोल, आत वळलेला. "एक गिऱ्हाईक येतंय, म्हणतंय खुली करा, मेल्यासारखं वाजतंय. दुसरं त्याच दिवशी येतंय, म्हणतंय बंद करा, डोकं उठतंय. दोघंबी मोठे गवय्ये. आम्ही कानस घ्यायची आणि सांगतील तशी घासायची."

"आणि तुम्हाला स्वतःला कोणती आवडते?"

"मला पैसे मिळतात ती."

इतक्यात करवत सुरू झाली. हाड कापायचा तो आवाज जाग्या पेशंटला सगळ्यात जास्त घाबरवतो, म्हणून मी नेहमी त्या वेळी बोलत राहते. चाचांना गरजच नव्हती. "दात बारीक आहेत हिचे," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आता ही कानस. नाही, कानस नाही. काहीतरी ठोकताय." सर्जन हातोडीनं मापाचा साचा बसवत होते. ते थक्क होऊन थांबले, मग पुन्हा ठोकायला लागले.

नाडी मात्र अठ्ठ्याऐंशीच्या आसपास होती, हवी त्यापेक्षा जरा जास्त. आमच्या सहायक डॉक्टरला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला या गाण्याचा त्रास होतोय. पोरगा नवा, मनानं चांगला. त्यानं सिस्टरना फोनवर काहीतरी शांत लावायला सांगितलं. तंबोरे करणारा माणूस, म्हणून सिस्टरनी तंबोराच शोधून लावला. ध्यानासाठी असतो तसला, तासभर चालणारा.

चाचांच्या कपाळाला आठी पडली. "मशीन आहे हे."

खरं होतं. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, मग तो फोनात शिरला, आणि गल्लीतल्या कामावर त्याचा काय परिणाम झाला हे मिरजेत कोणाला सांगायला नको. शिकायला बसणारं पोर पहिल्या दिवशी वाद्य विकत घ्यायचं, ते आता अ‍ॅप उतरवून घेतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले. चाचा म्हणाले, "मानांकन भिंतीवर आहे. गिऱ्हाईक फोनवर आहे."

सिस्टर ओशाळल्या. त्यांनी घाईनं दुसरं लावलं, किराणा घराण्याच्या एका थोर गायकाची जुनी मैफल. मलाही हायसं वाटलं. त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब ज्या गावच्या मातीत आहेत, तिथल्या तंबोऱ्याच्या कारागिराला याहून काय आवडणार?

मैफल दोन मिनिटं झाली असेल. नाडी चौऱ्याण्णव, मग एकशेचार. वरचा बीपी एकशे अडुसष्ट. मला पहिली शंका टुर्निकेच्या कळेची आली. विचारलं, दुखतंय का? मानेनं नाही म्हणाले. तेव्हा माझं लक्ष उजव्या हाताकडे गेलं. मधलं बोट आणि तर्जनी चादरीवर आळीपाळीनं चालत होती. तंबोऱ्याच्या चार तारा, पंचम, जोड, जोड, खर्ज. पुन्हा पंचम, जोड, जोड, खर्ज. आणि डाव्या हाताचा अंगठा, ज्या हातात माझं सलाईन होतं, तो तर्जनीवर काहीतरी बारीक ढकलत होता.

"दुसरा जोड उतरलाय," डोळे मिटूनच म्हणाले. "कुणाच्या ध्यानात येईना. मणी सरकवा की कुणीतरी." मणी म्हणजे तारेत ओवलेला, सरकवून सूर बारीक जुळवायचा.

ती मैफल कधीची, तो तंबोरा कुणाचा, वाजवणारा आता हयात आहे की नाही, देव जाणे. आणि इथं मिरजेत टेबलावर पडलेला माणूस, एक गुडघा उघडा, त्याचा मणी सरकवायला धडपडतोय.

"बाई, हे बंद करा. हे लागलं की मी दुकानात बसतोय. आज सुट्टी आहे ना माझी?"

"मग काय लावू?"

"पहिलं होतं तेच लावा. ते पोरगं काय करतंय त्यात आपलं काही काम नाही."

पडद्यापलीकडे जो आनंद झाला त्याचं वर्णन मी करणार नाही. सर्जनसाहेबांनी तेवढ्यात मला विचारून घेतलं, "मॅडम, नाडी किती?" हिमेश परत सुरू होऊन पाचेक मिनिटं झाली होती, आणि नाडी शहात्तर होती. मला खोटं बोलता येत नाही. मॉनिटर सगळ्यांना दिसतो.

माझा आजवरचा समज सरळ होता, की माणसाला आवडतं ते गाणं लावलं की तो निवांत होतो. आमच्या क्षेत्रातले अभ्यासही पेशंटला त्याच्या आवडीचं संगीत निवडू द्या असंच सुचवतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते बरोबरही असेल. पण ज्याचा कान हेच ज्याचं हत्यार, त्याला आवडीचं गाणं म्हणजे कामाचा बोलावा. आणि हिमेश त्यांना आवडला होता अशातलाही भाग नाही. मी नंतर विचारलं तेव्हा तोंड वाकडं केलं होतं. मी त्याच आवाजावर चिडायचे, म्हणजे माझा कान त्यात गुंतायचा. त्यांचा नुसता शेजारून निघून जायचा.

सर्जनना चढलेला रंग बघून मी म्हटलं, जुन्या लोकांनाही नवं पटतं कधी कधी. चाचा लगेच म्हणाले, "जुनी माणसं काय कमी होती काय? ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली पेटी बंद केली, १९७१ पर्यंत. सुरात नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत नेणारी मींड येत नाही म्हणून. सगळे पेटीवाले रडले. आमच्या आज्यानं पेढे वाटले असतील." आणि हसले. पोट हललं तसं सर्जन ओरडले, "चाचा, हलू नका!"

सिमेंट लावून झालं, नवा सांधा बसला, ते घट्ट व्हायची वाट बघून झाली. मग टुर्निके सोडलं. हा क्षण मला कधीच आवडत नाही. तासाभरापेक्षा जास्त अडवलेलं रक्त एकदम पायात जातं, बीपी पडतो, पायातलं नको ते सगळं फुफ्फुसाकडे निघतं. स्पीकर वाजत होता. मी हात ऑक्सिजनच्या नळीकडे नेला, आणि त्याच वेळी चाचा म्हणाले,

"बाई, तुमच्या यंत्राचा सूर उतरला."

नाडीचा जो टिकटिक आवाज येतो ना, त्याची पट्टी रक्तातल्या ऑक्सिजनवर ठरते. ऑक्सिजन उतरला की सूर उतरतो. आकडा बघायच्या आधी कानाला कळावं म्हणूनच तशी सोय आहे, आणि आम्हा भूल देणाऱ्यांच्या कानात ती वर्षानुवर्षं मुरते. पेशंटनं ती ऐकून मला सांगावी, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. अठ्ठ्याण्णववरून ब्याण्णव. बीपी नव्वदच्या खाली.

"गाणं बंद." एवढंच म्हणाले मी, आणि सर्जननी मान वर न करता सिस्टरना खूण केली. मास्कचा ऑक्सिजन वाढवला, सलाईन मोकळं सोडलं, बीपी वाढवणाऱ्या मेफेंटरमाइनचा छोटा डोस दिला. चाचांना दीर्घ श्वास घ्यायला लावले. खोलीत फक्त ती टिकटिक. चाचा तिच्याकडे कान लावून होते, आणि मी आकड्याकडे डोळे. "चढतोय," ते म्हणाले. त्र्याण्णव. "अजून." पंच्याण्णव. काही मिनिटांत परत सत्त्याण्णवला आला, बीपीही सावरला. घाबरल्याची खूण त्यांच्या चेहऱ्यावर शोधून सापडली नाही. सूर लागेपर्यंत धीर धरायची सवय असावी.

टाके घालताना गाणं परत लावायचं का, असं कोणीच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चाचा चार पावलं चालले. फिजिओथेरपिस्टनं सांगितलं, यापुढे जमिनीवर मांडी घालायची नाही, स्टुलावर बसून काम करा. ते म्हणाले, स्टुलावर भोपळा कुठं धरू? यावर अजून तोडगा निघालेला नाही, मुलगा एक उंच चौरंग करून बघतोय म्हणे.

त्या थिएटरात दोन गोष्टी बदलल्या. जागा पेशंट असेल तर आधी त्याला विचारायचं, आणि टुर्निके सोडताना स्पीकर बंद. पहिली अट सर्जननी हसत मान्य केली, कारण त्यांना वाटतं आता सगळेच हिमेश मागणार. अजून तरी कोणी मागितलेला नाही. एका आजीबाईंनी बातम्या लावायला सांगितल्या.

चाचांचा दुसरा गुडघा दिवाळीनंतर करायचा ठरलाय. मी तपासायला गेले तेव्हा या वेळी तलत मेहमूद लावू का, असं सुचवून पाहिलं. त्यांनी थोडा विचार केला.

"नको," म्हणाले. "त्याची जवारी फार चांगली आहे."