डहाणूतलं तिरकं कासव
आज लेकीला घेऊन डहाणूच्या कासव उपचार केंद्रात गेलो होतो. टाकीत एक ऑलिव्ह रिडले जातीचं समुद्री कासव तिरकं तरंगत होतं. पुढचा उजवा, वल्ह्यासारखा पाय खांद्यापासूनच गायब. समुद्रात सोडून दिलेल्या जाळ्यात पाय अडकला की दोरा मांसात रुतत जातो. पावसाळ्यात अशी दमलेली, जखमी कासवं लाटांबरोबर किनाऱ्याला लागतात. फुप्फुसाला संसर्ग झाला तर त्यांना धड बुडीही मारता येत नाही, हे आज कळलं. मी आपला 'काय मस्त तरंगतंय' म्हणत फोटो काढतोय! तेवढ्यात त्याने डोकं वर काढून फुस्सकन श्वास सोडला. चष्म्यावर खारे थेंब.
"बाबा, तीन पायांवर हे घरी कसं जाणार?"
परतीच्या वाटेवर गाडीत तोच विषय. चिकू घ्यायचे राहिलेच.