गॅरेजातलं विमान आणि आमचं स्नेहसंमेलन

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या आमच्या मंडळाच्या स्नेहसंमेलनात दीपप्रज्वलन, अध्यक्षांचं मनोगत, वर्षाचा हिशेब सगळं रीतसर होतं. मी वाट बघते ती जेवणानंतरच्या भाषणाची. वक्त्याने स्वतःच्या हातांनी काही घडवलेलं असेल तर मी पहिली रांग सोडत नाही. इथे गायक आले, नटही आले, पण मनात घर केलं ते गॅरेजात विमान बांधून अटलांटिक ओलांडलेल्या काकांनी.

असं भाषण आमच्याकडेच व्हायला हवं होतं. हौशी विमानबांधणाऱ्यांची ईएए ही संघटना 1953 साली इथे मिलवॉकीत सुरू झाली, आणि दर जुलैत ऑशकॉशला त्यांची जत्रा भरते.

काका मूळचे सांगलीचे. समुद्रापेक्षा जास्त वेळ ते रिव्हेटवर, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांवर, बोलले. पत्र्याला पाडलेल्या प्रत्येक भोकाची कड घासून गुळगुळीत करायची, नाहीतर पुढे तिथूनच तडा जातो. रिव्हेट ठोकायला माणसं दोन लागतात. बाहेरून एकाने गन चालवायची, आतून दुसऱ्याने पोलादी ठोकळा घट्ट दाबून धरायचा. शेपटाकडच्या अरुंद पोकळीत शिरून ठोकळा धरला तो काकूंनी. हे सांगताना काकांचा आवाज कापला, आणि मला रडू आवरेना.

निम्म्याहून जास्त बांधणी हौशी माणसाचीच हवी, हा इथला नियम. मग सुरुवातीचे चाळीसेक तास ठरलेल्या हद्दीत एकट्याने चाचण्या. ते झाल्यावर मागच्या सीटच्या जागी जादा टाकी बसवून काका कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्सहून अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांपैकी सांता मारियाला गेले. सुमारे अडीच हजार किलोमीटर, खाली पाणीच पाणी, आणि इंजिन एकच. "भीती नाही वाटली?" एका मुलीने विचारलं. "इंजिनाचा सूर ऐकत होतो, बाळा. तो मला पाठ होता."

भारतातलं कोणी, असंही कुणी विचारलं. काकांनी लगेच कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांचं नाव घेतलं. 2016 मध्ये ते विमान वांद्रे-कुर्ला संकुलात मांडलं होतं; नोंदणी मिळाली 2017 साली.

तोवर अर्धा हॉल रिकामा. बैठकीत 'दर्जेदार कार्यक्रम हवेत' म्हणणारेच श्रीखंड खाऊन निघून गेले, याचं मला अजून वाईट वाटतं.

नावं छापू नका, अशी मदतनीसांची ताकीद आहे, म्हणून कामांवरून सांगते. पुऱ्या तळणाऱ्या तिघी जावा, माइक सांभाळणारा कॉलेजातला मुलगा, प्रोजेक्टर आणणारे, तो बंद पडल्यावर दुसरा घरून आणणारे, रांगोळीवाल्या मावशी, लहान मुलांना खेळवत बसलेल्या दोघी आजी, काकांना विमानतळावरून आणणारं जोडपं, आणि रात्री उशिरापर्यंत खुर्च्या रचणारे आमचे खजिनदार. शिवाय डबे धुणारेही.

समितीला एवढीच विनंती: पुढच्या वर्षी भाषण जेवणाआधी ठेवा.