वीस सुताचं जहाज

माझं वेल्डिंगचं दुकान वडशाच्या अलीकडे, वैनगंगेपासून दीड किलोमीटरवर आहे. ट्रॉल्या, गेट, धानाच्या कोठ्या हे रोजचं काम. तीन वर्षांमागं गावातल्या एका ढिवर (मासे धरणाऱ्या) काकांनी लोखंडी डोंगा, म्हणजे छोटी नाव, करून मागितला. सोळा गेजचा पत्रा पुरला असता, पण मी हौसेनं त्याच्या जवळपास दुप्पट जाड, एक सुताचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) लावला. म्हटलं, मजबूत होऊ दे. चौदा फुटांचा डोंगा अँगल धरून दोन क्विंटलच्या वर गेला. हिवाळाभर मस्त चालला. एप्रिलात पाणी उतरलं अन् रेतीवर जो बसला तो बसलाच. चौघांनी ढकलला, हालेना.

काका म्हणाले, "बाबू, डोंगा बनवला का रणगाडा जी?"

त्या रात्री मोबाईलवर लोखंडी नावा शोधता शोधता अमेरिकेच्या यादवी युद्धात पोचलो. (आपल्या वऱ्हाडातल्या कापसाला भाव आला तो त्याच लढाईमुळं.) मिसिसिपी अन् तिच्या उपनद्यांत लढायला उत्तरेच्या सरकारनं 1861 मध्ये सात चिलखती जहाजं बांधून घेतली. बांधणारा जेम्स ईड्स, म्हणजे नदीत बुडालेल्या जहाजांतला माल वर काढणारा गडी. 175 फूट लांब, 51 फूट रुंद, 13 तोफा. वल्ह्याचं चाक गोळा लागू नये म्हणून पोटात लपवलेलं, भिंती तिरप्या, म्हणजे गोळा घसरून जावा. लोक त्यांना कासव म्हणत.

पत्रा किती? अडीच इंच. म्हणजे वीस सूत! मी हिशोब केला, एका चौरस फुटाला साधारण 45 किलो. एवढं वजन सगळीकडं लावलं तर नदीत चालणार कसं? म्हणून समोर लावलं, इंजिनाच्या बाजूला लावलं, बाकी लाकूड. दक्षिणेच्या फोर्ट डोनेल्सन किल्ल्यापाशी, फेब्रुवारी 1862 मध्ये, उंचावरच्या तोफांनी हीच जहाजं बदडून परत पाठवली. डिसेंबरात याझू नदीत कैरो नावाच्या जहाजाखाली सुरुंग फुटला. बारा मिनिटांत जहाज तळाला. माणसं मात्र सगळी वाचली.

पण मला खरी गंमत वाटली 1864 च्या, लुईझियाना राज्यातल्या रेड रिव्हर नदीवरच्या मोहिमेची. नदीनं दगा दिला, पाणी उतरलं. तिथल्या अलेक्झांड्रिया गावाजवळच्या खडकाळ धारेवर पाणी 3 फूट 4 इंच, अन् जहाजांना लागायचं 7 फूट. अख्खा ताफा वर अडकला. तेव्हा जोसेफ बेली नावाचा अधिकारी म्हणाला, बंधारा घालू. शहाणे इंजिनियर हसले. बेली उत्तरेकडच्या विस्कॉन्सिन राज्याचा. तिकडं ओंडके नदीतून वाहून न्यायला पाणी अडवायची पद्धतच होती. एका काठाकडून झाडं तोडून टाकली, दुसरीकडून लाकडी चौकटीत दगड-विटा भरल्या, मधे दगड-विटांनीच भरलेले तराफे बुडवले. शिपाई दिवसरात्र गळाभर पाण्यात. आम्ही नाल्यावर सिमेंटच्या पोत्यांत रेती भरून वनराई बंधारा घातला तेव्हा तासाभरातच पाय गारठले होते, म्हणून मला त्यांचं जास्त वाटलं.

9 मे ला पहाटे पाण्याच्या जोरानं दोन तराफे सरकले अन् बंधारा फुटला. त्या फुटलेल्या लोंढ्यातूनच चार जहाजं खाली सुटली. बाकीच्यांसाठी वरच्या अंगाला पुन्हा छोटे बंधारे घातले. अन् वजन कमी करायला काय केलं, तर जहाजांवरचा पत्रा उचकटून खोल पाण्यात फेकला! एवढ्या मेहनतीनं चढवलेला. माझ्यासारख्या माणसाच्या पोटात गोळाच आला. 13 तारखेपर्यंत सगळी पार झाली.

काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग तुह्यावाला पत्रा कधी काढतं?"

काढला नाही. डोंगा परत घेतला, सोळा गेजचा दुसरा करून दिला, मजुरी मागायचं तोंड नव्हतं. जुना गोठ्यासमोर ठेवलाय. एका वेळी तीन म्हशी पाणी पितात त्यात, अन् एक थेंब गळत नाही.