मधल्या वेळचं खाणं: चणे जमले, बियांच्या बिस्किटांवर काम चालू

भाजलेले काबुली चणे आता मनासारखे होऊ लागले आहेत. डबा दुसऱ्या दिवशी उघडला तरी कुरकुर टिकलेली असते, आणि वाटीभर खाल्ले की जेवणापर्यंत पुन्हा काही शोधावंसं वाटत नाही. पॉपकॉर्नचंही बरंच मार्गी लागलंय. गोडाचा प्रश्न अर्धाच सुटलाय आणि बियांची बिस्किटं अजून हवी तशी निघत नाहीत. असेच प्रयोग करत असलेल्यांना उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण यातलं बरंचसं पाककृतींमध्ये सापडत नाही.

पदार्थ निवडताना मी आता आधी एकच विचार करते, की आत्ता नेमकं काय खावंसं वाटतंय. कुरकुरीत, खारट हवं असेल तर सफरचंद कितीही गुणाचं असलं तरी ते संपवून हात वेफर्सच्या पुडीकडे जाणारच. गारेगार, मऊ, गोड हवं असेल तेव्हा चणे पुढे ठेवून काही होत नाही. पौष्टिक खाण्याच्या बहुतेक याद्या मला इथेच तोकड्या वाटतात. जिभेला काय हवंय याची त्यांत दखलच नसते, आणि मग माणूस चार दिवसांत जुन्या खाण्यावर येतो.

कुरकुरीतपणाला मी फार महत्त्व देते, त्याला कारण आहे. मासिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स या संशोधकांनी २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चिप्स चावताना होणारा आवाज त्यांनी खाणाऱ्यालाच हेडफोनमधून ऐकवला. आवाज वाढवला, किंवा त्यातला वरच्या पट्टीचा भाग वाढवला, की त्याच चिप्स लोकांना जास्त ताज्या आणि जास्त कुरकुरीत लागल्या. म्हणजे खाण्याच्या समाधानात कानाचाही वाटा आहे. तेल कमी केलेला पदार्थ मऊ पडला तर तो मनात उतरत नाही. तोच खणखणीत कुरकुरीत झाला तर तेलाची आठवणही येत नाही.

आता पोटाकडे. याबाबतीत १९९५ चं एक काम मला सारखं उपयोगी पडतं. सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ घेतले, प्रत्येकाचा २४० कॅलरींचा वाटा लोकांना खायला दिला आणि पुढचे दोन तास दर १५ मिनिटांनी त्यांना पोट किती भरलेलं वाटतंय ते विचारलं. पांढऱ्या ब्रेडला १०० गुण धरले. उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले, सफरचंदाला १९७, पॉपकॉर्नला १५४, बटाट्याच्या वेफर्सना ९१, केकला ६५ आणि क्रोसाँला, म्हणजे लोणी घालून केलेल्या फ्रेंच पावाला, सगळ्यांत कमी, ४७.

यातली बटाट्याची जोडी बघा. भाजी एकच, पण उकडली तर ३२३ आणि तळून वेफर्स केले तर ९१. उकडलेल्या बटाट्यात २४० कॅलरी म्हणजे पाव किलोहून जास्त वजन होतं, वेफर्समध्ये ते ४५ ग्रॅमच्या आसपास. पाणी गेलं, त्याच्या जागी तेल आलं, आणि वाटा एवढासा झाला. मात्र या आकड्यांवरून पदार्थांना सरळ पास-नापास करू नये असं माझं मत आहे. शेंगदाण्यांना त्यात ८४ आणि दह्याला ८८ गुण आहेत, आणि हे दोन्ही मी आनंदाने खाते. मोजमाप दोनच तासांचं होतं, प्रत्येक पदार्थासाठी माणसंही ११ ते १३ होती. मला त्यातून घ्यायची ती गोष्ट एवढीच: पाणी, तंतू आणि प्रथिनं असलेलं, ताटलीत भरपूर दिसणारं खाणं जास्त वेळ साथ देतं.

तर चणे. भाजताना पाणी जातं, पण तंतू आणि प्रथिनं राहतात आणि वर कुरकुरही मिळते, म्हणून मी सगळ्यांत जास्त वेळ यांनाच दिला. रात्रभर भिजवून पूर्ण शिजवायचे. बोटांत दाबला की सहज चेपला पाहिजे, पण आख्खा राहिला पाहिजे. अर्धवट शिजलेला चणा भाजल्यावर दगडासारखा होतो. निथळून कोरड्या फडक्यावर तासभर पसरायचे. सुटी झालेली सालं काढून टाकायची, बाकीची सोलत बसायची गरज नाही. ओव्हन २०० अंशांवर, ट्रेमध्ये एकच थर, आणि पहिली २० मिनिटं तेल अजिबात नाही. या वेळात वरचं पाणी उडून जातं. मग २५० ग्रॅम चण्यांना एक चमचा तेल आणि बारीक मीठ लावून आणखी १५ ते २० मिनिटं, मधूनमधून ट्रे हलवत. तिखट, जिरेपूड, लसणाची पूड, जे काही असेल ते बाहेर काढल्यावर, चणे गरम असतानाच. मसाला आधी घातला तर जळून कडू होतो.

खरी किल्ली मात्र इथून पुढे आहे. ओव्हन बंद करून दार किंचित उघडं ठेवायचं आणि चणे आतच पूर्ण गार होऊ द्यायचे. चण्याच्या पोटात ओल राहिलेली असते. डब्यात भरल्यावर ती हळूहळू बाहेर येते आणि सकाळचे खुटखुटीत चणे संध्याकाळी चिवट होतात. रंगावरून हे कळत नाही, वजनावरून कळतं. शिजलेल्या चण्यात साधारण ६० टक्के पाणी असतं, म्हणजे २५० ग्रॅममध्ये कोरडा भाग सुमारे १०० ग्रॅम. ट्रेमधल्या चण्यांचं वजन ११० ग्रॅमच्या आसपास आलं की ते तयार. तोपर्यंत कितीही सोनेरी दिसले तरी थांबायचं. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर हे करून बघाच, माझा सगळा अंदाजपंचे कारभार यामुळे संपला. ४० ग्रॅमच्या वाटीत साधारण ८ ग्रॅम प्रथिनं आणि ७ ग्रॅमच्या आसपास तंतू येतात. तरीही मऊ पडले तर १५० अंशांवर आठ-दहा मिनिटं गरम केले की पुन्हा जिवंत होतात.

पॉपकॉर्नमध्ये सारा खेळ दाण्यातल्या पाण्याचा. चांगल्या दाण्यात १४ टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो; १८० अंशांजवळ त्याची वाफ इतका दाब धरते की टरफल फुटतं. दाण्यांचा डबा सैल राहिला की ओलावा उडतो आणि तळाशी न फुटलेले दाणे वाढतात. अशा जुन्या दाण्यांच्या बरणीत चमचाभर पाणी घालून, घट्ट बंद करून, रोज हलवत काही दिवस ठेवले की ते पुन्हा फुटतात. गरम हवेवर फोडलेल्या पॉपकॉर्नला मीठ चिकटत नाही अशी नेहमीची तक्रार असते. मिक्सरमध्ये मीठ पिठासारखं बारीक करा आणि तेलाचा अगदी हलका फवारा मारा. बारीक मीठ जिभेवर लगेच विरघळतं, त्यामुळे कमी मिठातही चव भरपूर लागते. दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेव्हा इथे वाचलेलं मीठ कामी येतं. ३० ग्रॅम दाण्यांचं मोठं वाडगं भरतं आणि कॅलरी ११० च्या आसपास. पण प्रथिनं जेमतेम तीन-चार ग्रॅम, म्हणून नुसतं पॉपकॉर्न फार वेळ टिकत नाही. मी त्यात मूठभर भाजलेले चणे मिसळते, आणि ही जोडी सध्या माझी सर्वांत आवडती आहे.

सुक्या मेव्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. २०१२ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी माणसांवर मोजून पाहिलं, तर २८ ग्रॅम आख्ख्या बदामांतून शरीराला १२९ कॅलरीच मिळाल्या. नेहमीच्या हिशेबाने त्या १७० च्या जवळ धरल्या जातात. चावल्यानंतरही बदामाच्या बऱ्याच पेशी अखंड राहतात आणि त्यांतलं तेल तसंच पुढे निघून जातं. बदामाचं बटर केलं की हा फरक उरत नाही. म्हणून मधल्या वेळेला मी मेवा आख्खाच ठेवते आणि बटर चव आणण्यापुरतं वापरते. चावायला लागणं हे इतरही बाबतींत कामाचं दिसतं. आहारावर संशोधन करणाऱ्या केविन हॉल यांच्या २०१९ च्या प्रयोगात २० जणांनी दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं (कारखान्यात तयार झालेलं) आणि दोन आठवडे साधं खाणं खाल्लं, हवं तितकं. अतिप्रक्रिया केलेल्या खाण्यावर ते दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते, आणि खाण्याचा वेगही जास्त होता. भरभर गिळता न येणारं खाणं निवडायचं, हा माझा नियम तिथून पक्का झाला.

गोडाकडे येते. खजुराच्या लाडवांना "साखरविरहित" म्हणणं मला पटत नाही. खजुरात ६० टक्क्यांहून जास्त साखरच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात आख्ख्या फळातली साखर मुक्त साखरेत, म्हणजे जी कमी खावी असं ती सांगते त्या साखरेत, धरत नाहीत हे खरं, पण मध, पाक आणि फळांचा रस धरतात. त्यामुळे साखरेऐवजी मध घातला म्हणून पदार्थ हलका होत नाही. खजूर मी मिश्रण बांधण्यापुरता घेते: भाजलेले ओट्स, भरडलेला मेवा, चिमूटभर मीठ, आणि गोळा सुपारीएवढा.

त्याहून जास्त आवडतं ते गोठवलेलं केळं आणि चक्का. दही फडक्यात बांधून काही तास टांगायचं. पाणी गेलं की प्रथिनांचं प्रमाण वाढतं आणि पोत लोण्यासारखा होतो. केळ्याच्या चकत्या गोठवून या चक्क्यासोबत मिक्सरमधून फिरवल्या की आइस्क्रीमची हौस अगदी मनापासून भागते. केळी सालावर काळे ठिपके आलेली घ्या, कारण गार पदार्थात गोडी कमी जाणवते. गोडाचं काम अर्धं राहिलंय ते बिस्किटांपाशी. खुसखुशीत गोड बिस्किटाला पर्याय म्हणावा असं माझ्याकडे अजून काही नाही.

घरात एका वेळी दोनच प्रकारचा खाऊ तयार ठेवते. एकच चव खाताना तिची गोडी उतरत जाते आणि नवी चव समोर आली की पुन्हा खावंसं वाटतं, हे बार्बरा रोल्स या संशोधिकेने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं. सहा डबे भरून ठेवले की सहाही उघडले जातात.

राहिली बियांची खारी बिस्किटं. जवस, तीळ, भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया, बांधायला चिया. चिया आपल्या वजनाच्या दहापट पाणी धरते, त्यामुळे पीठ, अंडं काहीच लागत नाही. चव उत्तम येते. अडचण भाजण्यात आहे: १६० अंशांवर कडा तपकिरी होतात तेव्हा मधला भाग अजून चामट असतो. अर्ध्या वेळेला सुरीने रेषा मारून, तुकडे उलटे करून भाजल्यावर बराच फरक पडला, पण पूर्ण नाही. दुसरं म्हणजे बिया तेलाच्या, ३० ग्रॅमला १६० कॅलरींच्या आसपास जातात, आणि तेवढ्यात तीन-चारच बिस्किटं होतात.

म्हणून पुढच्या खेपेला एक तृतीयांश बियांच्या जागी शिजवून घोटलेली मसूर घालणार आहे. वाटा मोठा होईल, प्रथिनंही राहतील. मसुरीचं पाणी जास्त, तेव्हा भाजायला वेळ लागणार. एक ट्रे दोन मिलिमीटर जाड, दुसरा चार, दोन्ही १४० अंशांवर, आणि दर १० मिनिटांनी वजन.