आठ वाजताचा गजर

आईने दिलेल्या मूत्रपिंडाला आता २ वर्षे होत आली असून, लातुरातल्या आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ ८ वाजता मोबाइलमधल्या औषधे आणि आरोग्याच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपचा गजर वाजला की माझा हात डबीकडे जाण्याआधीच आई ‘गोळी घेतलीस का रे?’ असे विचारते. टॅक्रोलिमस ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी १२ तासांच्या अंतराने घ्यावी लागते, कारण रक्तातील तिची पातळी घसरली तर शरीर नवे मूत्रपिंड नाकारू शकते आणि फार वाढली तर तेच औषध मूत्रपिंडाला अपाय करते. तपासणीच्या दिवशी मात्र रक्त दिल्याशिवाय सकाळची गोळी घ्यायची नसते. ॲपला हे कसे कळावे? प्रयोगशाळेच्या रांगेत ते दर ५ मिनिटांनी ठणाणा करीत राहिले, तेव्हा शेजारच्या आजोबांनी ‘उचला की एकदाचा फोन’ असे सुनावले.

ॲपमधली पाण्याची नोंद मला सर्वांत उपयोगी वाटते. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की तहान लागेपर्यंत थांबणे परवडत नाही, म्हणून डॉक्टरांनी ठरवून दिलेले ३ लिटर पाणी मी तांब्याने मोजतो आणि प्रत्येक तांब्यागणिक नोंद करतो. ॲपमधल्या आहाराच्या यादीत पिझ्झा आहे, ज्वारीची भाकरी नाही. रक्तदाब आणि वजन रोज भरतो. ताप आला तर मात्र ॲप न उघडता थेट डॉक्टरांना फोन लावतो.